साडेचार मीटरची भरती म्हणजे नेमके काय?

पावसाळा तोंडावर आला, की मुंबई महापालिका मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. साडेचार मीटरपेक्षा अधिक उंचीच्या भरतीचे हे दिवस. त्यावरून 'समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असा अर्थ सर्रास लावला जातो. वृत्तपत्रेही याला अपवाद नाहीत. प्रत्यक्षात हा आकडा लाटेच्या उंचीचा नसतोच. ओहोटीच्या नीचतम पातळीच्या आसपास एक आधारपातळी निश्चित केलेली असते. तिच्यापासून समुद्राचे पाणी किती वर चढेल, ते हा आकडा सांगतो. लाटा वाऱ्याने उठतात. भरती येते ती चंद्र आणि सूर्य यांच्यामुळे.

चंद्र पृथ्वीवरील पाणी आपल्याकडे ओढतो, एवढेच सांगून शाळेत हा विषय आटोपला जातो. पण मग चंद्राच्या विरुद्ध बाजूलाही त्याच वेळी भरती का असते? याचे उत्तर आयझॅक न्यूटन याने 1687 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात दिले. भरतीचे कारण ओढीत नसून ओढीतील फरकात आहे. चंद्राकडील बाजूवर त्याचे आकर्षण अधिक, पृथ्वीच्या केंद्रावर त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूवर सर्वांत कमी असते. या फरकामुळे पृथ्वीवरील पाणी दोन्ही दिशांना ताणले जाते आणि दोन फुगवटे तयार होतात. हा फरक गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक कोटीव्या भागाइतका असतो. त्यामुळे पाणी सरळ वर उचलले जात नाही, तर ते आडव्या दिशेने सरकत जाऊन साठते.

पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. म्हणून त्याच्यासमोर पुन्हा येण्यास 24 तास 50 मिनिटे लागतात आणि दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर राहते. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार हे गणित घड्याळाशिवाय मांडत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या.

सूर्याचे पृथ्वीवरील आकर्षण चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट आहे. तरीही भरतीतील त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे 46 टक्के आहे. कारण ओढीतील फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो आणि सूर्य चंद्रापेक्षा जवळपास 390 पट दूर आहे. अमावास्या व पौर्णिमेला तिघे एका रेषेत आले, की दोघांचे परिणाम एकमेकांत मिळतात आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात येतात. तेव्हा भांगाची भरती. चंद्र पृथ्वीच्या अधिक निकट असेल, तर उधाण आणखी वाढते.

मात्र केवळ आकाशातील गणितावर पाहिले, तर खुल्या महासागरात चंद्राची भरती अर्ध्या मीटरच्या आसपासच असायला हवी. उरलेली करामत किनाऱ्याची आहे. गोव्यात भरती-ओहोटीतील फरक साधारण दोन मीटर असतो, मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्याही पुढे जातो, तर खंबातच्या आखातात भावनगरजवळ दहा मीटर ओलांडतो. रुंद व उथळ सागरतळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते होत गेलेले आखात पाण्याला वर चढण्यावाचून वाव ठेवत नाही.

मुंबईच्या दृष्टीने खरा प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो. शहराचा बराचसा भाग भराव घालून तयार झाला आहे आणि काही सखल वस्त्या उधाणाच्या पातळीपेक्षाही खाली आहेत. भरती असताना पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडे पाण्याखाली जातात. पाऊस नेमका त्याच वेळी कोसळला, तर पाण्याला वाटच उरत नाही. 26 जुलै 2005 रोजी हेच घडले. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी दोननंतर पावसाने जोर धरला आणि चारच्या सुमारास 4.48 मीटरची भरती होती. विशेष म्हणजे पौर्णिमा पाच दिवसांपूर्वीच होऊन गेली होती, उधाण ओसरू लागले होते. भरतीचा आकडा महापालिकेच्या साडेचार मीटरच्या मर्यादेलाही पोहोचला नव्हता. पण मिठी नदीचे पाणी माहीमच्या खाडीत शिरू शकले नाही.

त्यानंतर हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारली गेली. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पावसाचे पाणी पंपांनी समुद्रात फेकायचे, ही त्यांची कार्यपद्धती. जिथे असे पंप नाहीत, तिथे ओहोटी लागण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे यादीतील उंचीच्या आकड्याइतकेच त्यापुढील वेळेकडेही लक्ष द्यायला हवे. त्या वेळेच्या आधीचे व नंतरचे दोन-तीन तास सखल भागातील रहिवाशांसाठी जोखमीचे असतात, मग भरती साडेचार मीटरची असो वा सव्वाचार.