हातच्या नखांना आरसा कशाला?

मैत्रिणींनो, लहानपणी आकाशात बगळ्यांची रांग दिसली की तुम्हीसुद्धा नखांवर नखं घासली असतील ना? बगळा आपल्या नखांवर पांढरे ठिपके देऊन जातो, अशी आमची पक्की खात्री! ज्याच्या नखांवर जास्त ठिपके, त्याचा तोरा जास्त. मोठेपणी मात्र त्याच ठिपक्यांची आपल्याला धास्ती वाटते.

आमच्या आशागडला आषाढात बचत गटाची बैठक होती. एक तरुण आई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. ‘‘ताई, हिच्या नखांच्या मुळाशी बघा हो, पांढरे डाग. कॅल्शियम कमी झालंय म्हणतात सगळे.’’ मजुरीच्या पैशांतून टॉनिकच्या दोन बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. डाग तसेच!

एरवी मीही मान डोलावली असती. पण त्याच वर्षी माझी चांगलीच फजिती झाली होती. संक्रांतीच्या सुमारास माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी काळपट डाग दिसला. नखाखाली कॅन्सर होतो, हे कुठेतरी वाचलेलं. झोप उडाली. पण डॉक्टरांकडे जायचं सोडून मी काय केलं? त्यावर गडद नेलपेंट लावलं! बायकांना ‘‘दुखणं अंगावर काढू नका’’ असं बजावणारी मी, हळदीकुंकवाला तोच रंगवलेला अंगठा मिरवत फिरले. दोन महिने!

शेवटी लेकीने हाताला धरून नेलं. डॉक्टरांनी आधी नेलपेंट पुसायला लावलं. ‘‘कुठे चेमटलं होतं का?’’ मला काही आठवेना. घरी आल्यावर यांना आठवलं. तिळगुळाचा डबा काढताना लोखंडी कपाटाच्या दारात अंगठा सापडला होता! डाग मुळापासून पुढे सरकला होता, म्हणजे ते नखाखाली साकळलेलं रक्त होतं. ‘‘नखाबरोबर निघून जाईल,’’ डॉक्टर म्हणाले. आणि खरंच, वटपौर्णिमेच्या आसपास शेवटचा काळा तुकडा मी नेलकटरने कापून टाकला.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं, तेच मी त्या आईला सांगितलं. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीच्या आत. तिथून ते महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकतं. पूर्ण नख बदलायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे आज मुळाशी दिसणारा पांढरा ठिपका हा काही आठवड्यांपूर्वी तिथे बसलेल्या माराचा असतो. खेळताना बोट आपटणं, नखं कुरतडणं, पार्लरमध्ये नखाच्या कडेची कातडी मागे रेटणं, एवढंही पुरतं. त्याचा कॅल्शियमशी संबंध नसतो. आणि मुळाशी जो फिकट अर्धचंद्र दिसतो, तो तर नखाचाच भाग. तो कुणाला दिसतो, कुणाला नाही.

भांडी, धुणी, मासळी साफ करणं... आपले हात सदा पाण्यात. मग नखाची कड सुजते, मुळाशी नख पिवळट, हिरवट होतं, आडव्या लाटा उठतात. एखादं नखुरडं तर रात्रभर ठणकतं. अशा वेळी कडेची कातडी कापू नका, ती नखाची राखण करते. काम झालं की हात कोरडे पुसा, खोबरेल लावा, जमल्यास रबरी मोजे वापरा. मोठ्या तापातून उठल्यावर काही आठवड्यांनी सगळ्या नखांवर आडवी खाच दिसते. २०२०-२१ मध्ये करोनातून बऱ्या झालेल्या काही जणींना ती दिसली. तीही नखाबरोबर पुढे जाते.

पण एक डाग मात्र झाकू नका. मुळापासून टोकापर्यंत गेलेला काळा-तपकिरी पट्टा. सावळ्या लोकांत असे पट्टे पुष्कळदा निरुपद्रवी असतात. परंतु एकाच नखावर नव्याने आलेला, रुंद होत जाणारा, किंवा मुळाजवळच्या कातडीवर उतरलेला पट्टा असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवा. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच कॅन्सर निघाला. निदान झालं १९७७ मध्ये, आणि १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आजार दुर्मीळ आहे, पण वेळ घालवण्यासारखा नाही.

मी हे सगळं सांगत होते, तेवढ्यात त्या मुलीच्या आजीने हसत हसत हात पुढे केला. ‘‘माजीं पण बघ गो बाय!’’

मी बघितलं आणि गप्पच झाले. तिच्या नखांवर एकही डाग नव्हता. पण नखं कागदासारखी पांढरी, चपटी, मधोमध चमच्यासारखी खोलगट झालेली. ‘‘दम लागतो का?’’ विचारलं. ‘‘आता वय झालां,’’ म्हणाली. वय पन्नाससुद्धा नव्हतं!

दुसऱ्याच दिवशी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन ६.२ निघालं. बाईला १२ तरी हवं. तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, उपचार सुरू झाले. सिकलसेलची तपासणीही झाली, ती आपल्या आदिवासी पट्ट्यात आवर्जून करावी. सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नसतात. आजीला तो नव्हता. मग लोहाच्या गोळ्या, जंताचं औषध, पायात चपला (अनवाणी चालण्यातून शिरणारे जंत रक्त पितात) आणि ताटात शेवग्याचा पाला, लाल माठ, सुका जवळा, वर लिंबू. गोळीच्या आगेमागे चहा बंद! शौचाला काळी होते म्हणून तिने गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हा ‘‘गोळीनेच होतं, घाबरू नको’’ हे सांगायला दोनदा तिच्या घरी जावं लागलं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या भिशीत दहा जणी असतील तर त्यातल्या पाच-सहा! आणि आपण काळजी करतो ती पोरीच्या पांढऱ्या ठिपक्याची.

दिवाळीत आजी फराळाला आली. हिमोग्लोबिन दहाच्या घरात पोचलं होतं. नखांचा खोलगटपणा अजून पुरता गेला नव्हता, त्याला नवं नख यावं लागतं. पण नखाखाली गुलाबी रंग उतरला होता. नातीचा ठिपका तोवर कधीच कापला गेला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री ओटा आवरून झाला की नेलपेंट पुसा आणि उजेडात दहाही नखं बघा. आपली बघा, सासूबाईंची बघा, कामाला येणाऱ्या मावशींचीही बघा. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, मग नखांना तरी कशाला?