आठ दशांश सेकंदासाठी गेलेली नोकरी

अणुघड्याळे येण्यापूर्वी जगाचे मुख्य घड्याळ म्हणजे स्वतःभोवती फिरणारी पृथ्वीच. वेधशाळेतले लंबकाचे घड्याळ पुढे गेले की मागे पडले, हे ताऱ्यांवरून ठरे. त्यासाठी फक्त उत्तर-दक्षिण रेषेत फिरणारी दुर्बीण पक्की बसवलेली असे. ओळखीचा तारा तिच्यातला मधला उभा तंतू ओलांडतो तो क्षण नोंदला, की घड्याळाची चूक कळे.

हा क्षण टिपणे मात्र सोपे नव्हते. डोळा दुर्बिणीला, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे आणि दोन ठोक्यांमधला दहावा हिस्सा अंदाजाने! ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांना आढळले, की सहायक डेव्हिड किनेब्रुकच्या नोंदी आपल्यापेक्षा ०.८ सेकंद उशिराच्या असतात. ताकीद देऊनही फरक मिटेना, तेव्हा १७९६ मध्ये त्याला कामावरून काढले. एवढ्याशा वेळेसाठी ही शिक्षा कठोर वाटेल. पण तेवढ्यात विषुववृत्तावरची जागा सुमारे ३७० मीटर सरकते.

किनेब्रुकची बाजू स्पष्ट झाली ती पाव शतकानंतर. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी नाणावलेल्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. खुद्द बेसेल आणि आर्गेलँडर यांच्यातच सेकंदाहून अधिक अंतर निघाले! पाहणे आणि ऐकणे यांचा मेळ घालायला प्रत्येकाचा मेंदू वेगळा वेळ घेतो. मानसशास्त्रातल्या प्रतिक्रियाकाळाच्या अभ्यासाची मुळे या भांडणात आहेत.

पुढे कानाऐवजी विजेची कळ आली. लंबकही सुधारले. १९२१ च्या शॉर्ट घड्याळात एक लंबक जवळजवळ निर्वात नळकांड्यात मोकळा झुले आणि काटे फिरवण्याचे काम दुसरा करी. हे घड्याळ वर्षाला जेमतेम एक सेकंद चुके. १९३० च्या दशकात क्वार्ट्‌झ घड्याळांनी तर पृथ्वीचीच चूक पकडली. वाऱ्यांमुळे दिवसाची लांबी ऋतूनुसार मिलिसेकंदाच्या आसपास कमीजास्त होते. शिवाय भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचा वेग मंदावतो आणि शतकामागे दिवस सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो.

१९५५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमचे घड्याळ सुरू झाले आणि १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० कंपनांवर बसवली गेली. पृथ्वीशी मेळ राखायला १९७२ ते २०१६ या काळात २७ लीप सेकंद घालावे लागले.