मृत्यूही नोंदविणारे वैद्य

प्राचीन ग्रीसमध्ये आजाऱ्याला आरोग्याचे दोन मार्ग खुले होते, एक देवालयाचा आणि दुसरा वैद्याचा. आणि या दोहोंनीही आपापली दप्तरे मागे ठेविली असल्यामुळे ती शेजारी शेजारी मांडून वाचण्याची सोय आपणांस झाली आहे. पहिले दप्तर दगडावर कोरलेले आहे. एपिडॉरस येथे अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे जे प्रख्यात क्षेत्र होते, तेथे दूरदूरच्या मुलखांतून आलेले रुग्ण स्नान व बली आटोपून देवालयाच्या आवारातील एका ओवरीत रात्री निजत, आणि स्वप्नात देव येऊन आपली व्याधी हरण करील अशी त्यांची श्रद्धा असे. इ. स. पू. चौथ्या शतकातील तेथल्या शिलालेखांत अशा सुमारे ७० हकीकती आढळतात. अथेन्सची अँब्रोसिया नावाची, एका डोळ्याने अंध असलेली स्त्री तेथे आली असता लंगडे-आंधळे केवळ स्वप्नाने बरे होतात हे ऐकून हसली. तेव्हा रात्री देवाने तिला दर्शन देऊन, आपल्या अज्ञानाचे स्मारक म्हणून देवालयास चांदीचे डुक्कर वाहावे अशी अट घातली, तिचा डोळा चिरून त्यात औषध ओतले, आणि उजाडताच तिला दिसू लागले, असे त्यांतील एक लेख सांगतो. जो बरा न होता परतला, त्याच्या नावे दगड कोरण्याचे कारण कोणास पडले नाही. क्षेत्राच्या सीमेत कोणी मरू नये असा तर तेथे नियमच होता, हे इ. स.च्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने लिहून ठेविले आहे.

दुसरे दप्तर वैद्यांचे. इ. स. पू. ४६० च्या सुमारास कॉस बेटावर जन्मलेल्या हिपोक्रॅटिसच्या नावावर आयोनियन बोलीतील सुमारे ६० ग्रंथ मोडतात. ते एका हातचे नव्हेत, अनेक वैद्यांनी निरनिराळ्या काळी लिहिलेले आहेत. त्यांपैकी ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथाचे पहिला व तिसरा हे भाग म्हणजे माझ्या मते साऱ्या ग्रीक वैद्यकाचे सर्वश्रेष्ठ धन होय. थेसॉस बेटावर आणि उत्तर ग्रीसमधील गावांतून हिंडून वैद्यकी करणाऱ्याने ४२ रुग्णांची दिवसवार कैफियत त्यांत दिली आहे. त्यांतील फिलिस्कस नावाचा रुग्ण तटाजवळ राहत होता. पहिल्या दिवशी तीव्र ज्वर व घाम. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरल्यासारखा वाटला, परंतु सायंकाळी तो पुन्हा चढला, जीभ कोरडी पडली, लघवी काळी झाली, शुद्ध हरपली. श्वास तर प्रारंभापासूनच असा दीर्घ आणि विरळ होता की जणू त्याला तो घेण्याची मुद्दाम आठवण करावी लागत होती. सहाव्या दिवशी मध्यान्हीच्या सुमारास तो मरण पावला. औषधाची बढाई नाही, दैवास बोल नाही, वैद्याच्या बचावाचा शब्द नाही. श्वासाची ही तऱ्हा आजच्या डॉक्टरांनाही परिचित आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील चेन व स्टोक्स या दोन वैद्यांची नावे तिला मिळाली आहेत.

या ४२ जणांपैकी २५ दगावले. ज्या समाजात वैद्याला कोणतीही सनद नव्हती, ज्याच्या मनात येई त्याने स्वतःस वैद्य म्हणवावे आणि केवळ लौकिकावर उपजीविका करावी अशी स्थिती होती, तेथे एका मनुष्याने स्वतःच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा अंत स्वहस्ते लिहून ठेवावा, ही गोष्ट मला कोणत्याही चमत्काराहून थोर वाटते. यात व्यवहारही होता. रोग कोणत्या वळणावर जाईल हे आगाऊ सांगू शकणाऱ्यावर लोक विश्वास टाकीत, आणि असाध्य रुग्णाच्या मृत्यूचा दोष त्याच्या माथी येत नसे. म्हणूनच टोकदार झालेले नाक, खोल गेलेले डोळे, खचलेली कानशिले आणि गार पडलेले कान ही आसन्नमरण मुद्रेची लक्षणे या संप्रदायाने इतक्या बारकाईने टिपली. पण मृत्यूकडे पाठ फिरविणाऱ्याला ती टिपता आली नसती.

देवालय आणि वैद्य यांच्यात वैर होते असे मात्र समजू नये. हिपोक्रॅटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेली शपथ अपोलो व अस्क्लेपियस यांनाच साक्षी ठेवते. इ. स. पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये महामारी उसळली, तेव्हा रुग्णांच्या निकट जाणारे वैद्यच सर्वाधिक मेले, असे स्वतः त्या रोगातून उठलेला इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. आणि पुढे इ. स. पू. ४२० मध्ये त्याच नगरात अस्क्लेपियसची स्थापना झाली.

सिद्धान्तांत हे वैद्य पुष्कळ चुकले. रक्त, कफ, पीतपित्त आणि कृष्णपित्त या चार द्रवांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून असते, हे मत हिपोक्रॅटिसचा जामात पॉलिबस याच्या ग्रंथात आले आणि दोन सहस्र वर्षे वैद्यकाच्या मानेवर बसले. अपस्मार हा इतर रोगांहून अधिक दैवी नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, हे ‘पवित्र रोग’ या ग्रंथाने बजाविले खरे, परंतु कारण म्हणून पुन्हा कफच पुढे केला. मनुष्यदेहाचे विच्छेदन इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस व एरासिस्ट्रेटस यांनी केले, मज्जातंतू ओळखले. हेरोफिलसने तर जलघटिका लावून नाडी मोजली. पण हा उद्योग लवकरच मावळला, आणि इ. स.च्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याला माकडे व डुकरे चिरूनच मानवी शरीराचे अनुमान करावे लागले.

याच गेलेनने ‘एपिडेमिक्स’वर भाष्य लिहिले, नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने ते अरबीत आणले. पुढे आपल्या देशातील युनानी हकिमांपर्यंत जे पोहोचले, त्यांत बुकरात (हिपोक्रॅटिस) व जालिनूस (गेलेन) ही नावे होती आणि चार द्रवांचा सिद्धान्तही होता. रुग्णवृत्त लिहिण्याची परंपरा मात्र रय येथील अल्‌-राझी याने खऱ्या अर्थाने पुढे चालविली. त्याच्या शिष्यांनी संकलित केलेल्या अशा शेकडो नोंदी आजही उपलब्ध आहेत.