गाडी आजच्या अंगाची हवी

सुटीत गावी आलेला सात वर्षांचा नातू शर्यतीच्या छोट्या चारचाकी बाईकसाठी हट्ट धरून बसला आहे, आणि राहात्याच्या किंवा श्रीरामपूरच्या शेतात ती फिरवायला जागाही आहे. तरीही आजी-आजोबांनी पैसे मोजण्यापूर्वी थोडे थांबावे.

ही गाडी खेळण्यासारखी दिसते. पण ५० सीसीच्या गाडीचे वजनही १०० किलोच्या घरात जाऊ शकते. बांधावरून ती उलटली, तर तो भार कोवळ्या छातीवर येतो. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालील मुलांच्या हाती असे वाहन देऊच नये, असे सांगते. आपल्या कायद्यानेही या वयात सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवण्यास मनाई आहे.

एवढे जाणूनही घरात गाडी घेण्याचे ठरलेच, तर एक पथ्य पाळावे. कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत. गाडी मात्र आजच्याच अंगाची असावी. बसल्यावर पाय पायट्यांवर पूर्ण टेकावेत, बोटे ब्रेकपर्यंत सहज पोहोचावीत. वेग मर्यादित करणारा स्क्रू आणि ओढताच इंजिन बंद करणारी दोरी हवीच. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, बूट हवेत. मागे दुसरे मूल कधीही नको. विहीर आणि शेततळे दूर असावे.

शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा: गाडी भरकटली, तर धावत जाऊन ती दोरी ओढणे आपल्या गुडघ्यांना जमेल का? नसेल, आणि धावणारे दुसरे कोणी जवळ नसेल, तर यंदा सायकलच द्यावी.