नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

व्यापारी कुटुंबांत दुकानाच्या खातेवहीतील पै-पैचा हिशेब चोख असतो. मात्र शेअर आणि डीमॅट खात्यांवर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे, हे पुष्कळदा कुटुंबप्रमुखाखेरीज कोणालाच ठाऊक नसते. बहुधा सोयीसाठी थोरल्या मुलाचे नाव लावलेले असते आणि वडिलांच्या पश्चात सर्व शेअरांचा धनी तोच, असा समज घरात रूढ होतो. कायद्याला हा समज मान्य नाही.

वादाचे मूळ कंपनी कायद्याच्या शब्दयोजनेत होते. १९५६ च्या कायद्यात १९९९ साली घातलेल्या कलम १०९अ नुसार भागधारकाच्या मृत्यूनंतर शेअर नॉमिनीच्या ठायी निहित होतात. मृत्युपत्रात वा अन्य कायद्यात काहीही असो. २०१३ च्या कायद्याचे कलम ७२ त्याच धर्तीचे आहे. या शब्दांच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१० मध्ये नॉमिनीस पूर्ण मालक ठरवले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने विरुद्ध मत दिले. अखेर १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. हृषिकेश रॉय व न्या. पंकज मिथल यांनी खंडपीठाचा निर्णय कायम केला.

न्यायालयाच्या मते कंपनी कायदा हा वारसाहक्काचा कायदा नव्हे. भागधारक दिवंगत झाल्यावर शेअर कोणाच्या स्वाधीन करावेत, हे कंपनीला व डिपॉझिटरीला विनाविलंब कळावे, एवढाच नामनिर्देशनाचा हेतू. नॉमिनी ते स्वीकारतो; मालकी मात्र मृत्युपत्रानुसार वा वारसा कायद्यानुसार ठरते.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली व आई यांचा समान वाटा असतो; मुलगी विवाहित असली तरीही. समजा, वडिलांचे १२०० शेअर आहेत आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. नॉमिनी थोरला मुलगा असला, तरी प्रत्येकाचा हक्क ३०० शेअरांवर आहे. उरलेले ९०० शेअर थोरल्याकडे केवळ इतरांची ठेव म्हणून राहतात.

म्हणून नामनिर्देशन निरुपयोगी ठरत नाही. ते नसल्यास शेअर वारसांच्या नावे होण्यास विलंब लागतो आणि कागदपत्रांचा व्याप वाढतो. सेबीच्या २०२५ च्या नियमांनुसार डीमॅट खात्यावर १० पर्यंत नॉमिनी नेमता येतात. मात्र एखाद्यास अधिक वा कमी द्यावयाचे असेल, तर दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्यांसह मृत्युपत्रच करावे आणि नॉमिनीची नावे त्याच्याशी जुळती ठेवावीत. आयुर्विम्याचा नियम निराळा आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी वा अपत्य नॉमिनी असल्यास लाभ सामान्यतः त्यांचाच होतो.

दिवाळीला वहीपूजन करताना नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक उमटतो. त्याच दिवशी डीमॅट खाती, नॉमिनी आणि मृत्युपत्र कोठे ठेवले आहे याची नोंद कुटुंबासमक्ष, लेकीबाळींसह, वाचली जावी. अपरिग्रह सांगणाऱ्या धर्माच्या घरात संपत्तीपायी भावंडे कोर्टाची पायरी चढू नयेत, यासाठी एवढी दक्षता पुरेशी आहे.