बिशप बर्नवर्डांची कवाडे

जर्मनीतील हिल्डेसहाइमचे बिशप बर्नवर्ड (९९३ ते १०२२) हे सम्राट तिसऱ्या ऑटोचे गुरू होते. १०१५ साली त्यांनी ब्राँझची दोन कवाडे करविली. प्रत्येक कवाड एकसंध ओतलेले. त्यांवर सोळा प्रसंग आहेत. डावीकडे मानवाच्या निर्मितीपासून हाबेलाच्या हत्येपर्यंत कथा खाली उतरते. उजवीकडे मरियेला मिळालेल्या शुभवार्तेपासून पुनरुत्थित ख्रिस्ताच्या दर्शनापर्यंत ती वर चढते. आदामाच्या पतनासमोर नेमका क्रूस येतो. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही पाप आणि तारण यांचा संबंध डोळ्यांनी वाचता यावा, अशी ही रचना आहे. मार्च १९४५ मधील बाँबवर्षावात कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले; कवाडे मात्र आधीच हलविलेली असल्यामुळे बचावली. बर्नवर्डांचे प्रवचन त्यांवर आजही चालू आहे.