पद्यांतील कादंबरी आणि कुमार वाचक

कादंबरी म्हटली कीं ती गद्यांत, आणि कविता म्हटली कीं चार कडव्यांचें भावगीत, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. म्हणून इंग्रजींत कुमारवयीन वाचकांसाठीं सबंध कादंबऱ्या पद्यांत लिहिल्या जातात व आवडीनें वाचल्या जातात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. पण ही वाट मराठीला परकी नाहीं.

बीड जिल्ह्यांत अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेनें शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा, मानला जातो. विषय वेदान्ताचा, छंद मात्र ओवीचा. ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आंखूड, यमकाविण. तीन चरणांत अर्थ धांवतो, चौथ्यांत श्वास घेतो. कथा सांगण्यास असा छंद फार सोयीचा. म्हणूनच मुक्तेश्वर आणि श्रीधर यांनीं पुराणांतल्या कथा ओवींतच घरोघर पोंचविल्या.

पुढें १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ निघालें. माधव जूलियन यांनीं 'विरहतरंग' (१९२६) मध्यें कॉलेजांतील तरुणांची प्रेमकथा सांगितली. यशवंतांनीं 'बंदिशाळा' (१९३२) मध्यें बालगुन्हेगारांचें जीवन घेतलें. आपल्या वयाचें दुःख आपल्याच काळांतल्या काव्यांत भेटतें, हा अनुभव तेव्हांच्या तरुणांस नवा होता.

या प्रकाराची मोहिनी कशांत आहे? पंधरा वर्षांच्या मुलाचें मन सलग वाक्यांत बोलत नाहीं. तें उसळतें, थबकतें, अर्धेंच सांगून गप्प होतें. गद्याला त्या मौनाचें वर्णन करावें लागतें; पद्य ओळ मोडतें आणि मौन तेथें आपोआप उभें राहतें. शिवाय पान-दोन पानांचा एकेक तुकडा स्वतःपुरता पुरा असतो. जाड पुस्तकास बिचकणारा मुलगाही एक तुकडा वाचतो आणि दुसऱ्याकडे वळतो.

अमेरिकन लेखिका कॅरन हेस यांची 'आउट ऑफ द डस्ट' (१९९७) ही अशीच कादंबरी. १९३४-३५ च्या अवर्षणांत ओक्लाहोमा प्रांतांतील एक शेतकऱ्याची मुलगी धुळीचीं वादळें, आईचा मृत्यु आणि भाजलेले हात यांची हकीकत मुक्तछंदांत सांगते. तिला १९९८ चें न्यूबेरी पदक मिळालें.

ती वाचतांना बीड जिल्हा आठवल्यावांचून राहत नाहीं. येथेंही अवर्षण पाठ सोडीत नाहीं. दरसाल दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. मुलें बरोबर गेलीं कीं त्यांची शाळा तुटते. अशा मुलीचें मन तिच्याच शब्दांत, तुटक ओळींनीं सांगणारी कादंबरी मराठींत निघाली, तर शहरांतल्या आपल्या मुलांना तिची ओळख होईल. आणि कोपीच्या दाराशीं बसून तीही एखादें पान वाचूं शकेल. तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओवीनें त्या पुस्तकाची निम्मी तयारी आधींच करून ठेविली आहे.